कृष्णाकाठची गावे आणि आपली मोटार



या व्यासपीठावरून आपण अर्थकारण ऐकले, विज्ञान ऐकले, संतवाङ्मय ऐकले. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी घरगुती आहे. रविवारी सकाळी घरची मंडळी मोटारीत बसवावी, डबे बरोबर घ्यावे, दोनचार जुनी गावे पाहावी आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परतावे, हा आता शहरातील पुष्कळ कुटुंबांचा परिपाठ झाला आहे. सहल ही करमणूक. तिच्यावर व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, शहरात वाढणाऱ्या अनेक मुलांचा खेड्याशी जो संबंध उरला आहे, तो या एका दिवसापुरताच उरला आहे. आजोळ शहरातच, काका-मामा शहरातच. तेव्हा त्या दिवशी मोटारीच्या काचेतून जे दिसेल तेच त्या मुलाच्या मनातले गाव होणार. म्हणून तो दिवस कसा घालवावा, याचा विचार मोठ्या माणसांनी एकत्र बसून करण्यासारखा आहे.

पूर्वी माणूस दुसऱ्या गावी जाई तो काही कारणाने जाई. यात्रेकरू देवाकडे जाई, पाहुणा सोयऱ्याकडे, बैल घ्यायला निघालेला शेतकरी बाजाराला आणि वसुलीचा कारकून पाटलाकडे. यांपैकी प्रत्येकाचे त्या गावाशी काहीतरी देणेघेणे असे. कारकुनाचे येणे गावाला आवडत नसेल, पण तो कोण आणि कशासाठी आला हे गावाला ठाऊक असे. आता मोटारीने एक नवीन जातीचा प्रवासी निर्माण केला आहे. तो नुसता पाहायला येतो. त्याचे गावाशी देणे नाही, घेणे नाही. तो येतो, चार छायाचित्रे काढतो आणि जातो.

आम्ही मोटारीला नावे ठेवायला उभे राहिलेलो नाही. आमच्या मातोश्री ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे दुखतात. एस.टी.च्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. मोटार नसती तर कृष्णेचे दर्शन त्यांना घडले नसते. तेव्हा वाहन वाईट नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, गाडी थांबल्यावर आपण खाली उतरतो ते कोण म्हणून उतरतो?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आम्ही एका विशिष्ट दिवसाचा आणि विशिष्ट वाटेचा दाखला घेतो. आम्ही उभयता, मातोश्री आणि शाळेत जाणारी दोन मुले असे पाचजण पुण्याहून पहाटे निघालो. शिरवळ गेले, खंबाटकीचा घाट ओलांडला, सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळलो आणि वाईला पोचलो. तेथून मेणवली, मग परत फिरून महामार्गाने साताऱ्याच्या अलीकडचे लिंब, आणि तेथून घर. तीनच मुक्काम. आमच्या ओळखीची काही मंडळी याच दिवसात महाबळेश्वर, प्रतापगड आणि वाटेतली सारी देवळे उरकून येतात. त्यांच्या उरकाचे आम्हांला कौतुक वाटते. पण संध्याकाळी मुलांना विचारावे तर त्यांना ओल्या भुईमुगाच्या शेंगा तेवढ्या आठवतात.

वाईला गणपतीच्या घाटावर उभे राहिले म्हणजे डोळ्यांचे पारणे फिटते. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ त्याआधी १७५७ सालचे, आनंदराव भिकाजी रास्ते यांचे. रास्ते हे पेशव्यांचे सोयरे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच कन्या. ही माहिती आम्ही मुलांना सांगितली. ती त्यांनी एका कानाने ऐकली आणि दुसऱ्या कानाने सोडून दिली. पण देवळाला वळसा घालताना धाकटीने विचारले, "ही मागची भिंत अशी माशासारखी निमुळती का?" आम्ही तिला नदीकडे पाहायला सांगितले. देऊळ पात्राला लागून उभे आहे. पावसाळ्यात कृष्णा चढली म्हणजे पाण्याचा लोंढा या भिंतीवर येतो. भिंत सपाट असती तर तिने सारा मार छातीवर घेतला असता. ती निमुळती केल्यामुळे पाणी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. अडीचशे वर्षांहून अधिक काळ किती पूर आले नि गेले, देऊळ जागच्या जागी आहे. हे कळल्यावर मुलीने त्या भिंतीला हात लावून पाहिला. रास्त्यांचे नाव तिला तोपर्यंत नुसते नाव होते. आता त्यांनी काय काम केले ते तिला समजले.

आमच्या सांगण्याचा पहिला मुद्दा यातच आला. जुन्या गावात आपल्याला जे सुंदर दिसते ते बहुधा कोणत्यातरी गरजेतून आलेले असते. घाटाच्या पायऱ्या शोभेसाठी नव्हत्या. पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली आणि पावसाळ्यात वर जाते, म्हणून कोणत्याही दिवशी पाण्यापर्यंत पोचता यावे यासाठी त्या होत्या. पारावरचा वड सावलीसाठी, ओसरी येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. गरज सांगितली की मूल लक्ष देते. सनावळी मागाहून सांगितली तरी चालते.

वाईबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा याच गावची. तिच्यातूनच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे आले, आणि त्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून चालले. पहिला खंड १९७६ साली निघाला. जगातल्या ज्ञानाचा मराठी कोश करायचा तर तो मुंबईतच झाला पाहिजे असे नाही, कृष्णाकाठच्या एका लहान गावी बसूनही तो करता येतो, हे वाईने दाखवून दिले. गाव म्हटले की मागासलेले असे ज्या मुलांच्या मनात भरवले गेले आहे, त्यांना हे जरूर सांगावे.

वाईहून मेणवली कोसभरच आहे. हे गाव १७६८ साली औंधच्या पंतप्रतिनिधींकडून नाना फडणविसांना मिळाले. नानांनी तेथे नदीला घाट बांधला, देवळे बांधली आणि सहा चौकांचा वाडा उठवला. वाड्याच्या मागच्या दाराने बाहेर पडावे तो चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि खाली संथ कृष्णा. घाटावर एका लहानशा घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या. त्यांतली ही एक. चर्चमधून निघालेली घंटा कृष्णेच्या घाटावर टांगली गेली, पण तिच्यावरची आकृती कोणी खरवडून काढली नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

मेणवलीची खरी दौलत मात्र कागदांत होती. नाना १८०० साली वारले. त्यांच्या मागे या वाड्यात त्यांचे दप्तर राहिले. पत्रे, हिशेब, याद्या, बातमीपत्रे यांचे रुमालांत बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे. पुढे साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते कागद मिळवले, त्यांतले कितीतरी छापून काढले; आणि त्यांचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. उत्तर पेशवाईचा जो इतिहास आपण वाचतो, त्याचा मोठा आधार हे मेणवली दप्तर आहे. विचार करा, त्या वाड्यात एखाद्या वर्षी छप्पर गळले असते आणि कोणी लक्ष दिले नसते, तर पन्नास वर्षांच्या इतिहासाचा लगदा झाला असता. तसे झाले नाही, कारण कोणीतरी दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळली, वाळवी पाहिली, रुमाल उन्हात घातले. त्या माणसांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. आम्हांला वाटते, वाडा दाखवताना मुलांना नानांच्या मुत्सद्देगिरीबरोबर या कौले चाळणाऱ्या माणसांचीही आठवण करून द्यावी.

आज त्या घाटावर गर्दी असते ती वेगळ्या कारणाने. २००४ सालच्या 'स्वदेस' या हिंदी चित्रपटातले गाव म्हणजे हेच मेणवली. चित्रपटात नायक ज्या ठिकाणी उभा होता तेथे उभे राहून छायाचित्र काढून घेण्यासाठी मंडळी लांबून येतात. यात गैर काही नाही. गंमत एवढीच की, त्या चित्रपटाची कथा परदेशातून परत येऊन गावाच्या वीजपाण्याची काळजी वाहणाऱ्या तरुणाची आहे, आणि आपण ती पाहून गावात येतो ते फक्त उभे राहण्याची जागा शोधायला!

मुले घाटावर रमली, तशी आमच्या मातोश्री सावलीसाठी गल्लीतल्या एका घराच्या ओट्यावर टेकल्या. आतून एक म्हातारी बाहेर आली. अनोळखी माणसे पाहून तिने विचारले, "कुनाकडं आलायसा?"

मातोश्री म्हणाल्या, "कुणाकडे नाही हो बाई. गाव बघायला आलोय."

"आवं, गावात काय बघायचं?" म्हातारी म्हणाली. "निम्मी घरं कुलपात हायती. पोरं मुंबैला ग्येली, कोन पुन्याला. बसा, पानी आनते."

पाणी आले, गूळ आला, मग दोघी म्हाताऱ्यांचे बोलणे सुरू झाले. हळद शिजवण्याच्या कायलीपासून सुनांच्या नोकऱ्यांपर्यंत तासभर ते चालले. म्हातारीचे माहेर वाईजवळच्या बावधनचे. बावधनचे बगाड आपल्यापैकी कित्येकांनी ऐकले असेल. रंगपंचमीला भैरवनाथाच्या नावाने लाकडी बगाड निघते आणि ते ओढायला बैलांच्या जोड्यामागून जोड्या लागतात. निघताना म्हातारीने आमच्या मातोश्रींचा हात धरून सांगितले, "आक्का, बगाडाला या. त्या दिशी गाव बघा. समदी येत्यात."

बंधुभगिनींनो, या साध्या बोलण्यात आमच्या विषयाचे सार आहे. तिने विचारलेला "कुणाकडे?" हा प्रश्न चौकशीचा नव्हता, आतिथ्याचा होता. गावात येणारा माणूस कोणाचातरी असतो, ही तिची सहज समजूत. आपल्यासारख्या पाहायला येणाऱ्यांपाशी त्या प्रश्नाला उत्तर नसते. आणि दुसरे म्हणजे, तिच्या दृष्टीने गाव म्हणजे वाडा नव्हे, घाट नव्हे, जुनी दारे-कवाडे नव्हेत. 'समदी येत्यात' तेव्हा गाव होते. माणसे नसली म्हणजे पाहण्यासारखे काही नाही.

आता त्या कुलपांचा विचार करू. सातारा जिल्ह्यातली माणसे मुंबईला गेली ती हौसेने नव्हे. डोंगराळ मुलूख, वाटण्या होऊन तुकडे पडलेली जमीन, पावसावरची शेती. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत या भागातल्या पिढ्यान्‌पिढ्या राबल्या. गिरणगावात एकेका गावाची खोली असे. तेथे त्या गावचे वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपत आणि जत्रेसाठी वर्गणी धाडत. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्यांचा तो आधार तुटला. कोणी गावी परतले, कोणी उपनगरांत पांगले. त्यामुळे गल्लीत जे पडके घर आपल्याला मोहक वाटते, ज्याच्या भिंतीवर पिंपळ उगवला आहे आणि ज्याच्या कडीवर गंज चढला आहे, ते घर कोणाच्यातरी भावकीच्या वाटणीत अडकलेले असते, किंवा दुरुस्तीला पैसे नसतात म्हणून तसे पडून असते. आपण ज्याला शोभा म्हणतो ती कोणाचीतरी अडचण असते.

हीच गोष्ट पाण्याची. मेणवलीच्या पलीकडे धोमचे धरण आहे. जलाशयाकाठी उभे राहिले तर मागे कमळगडाचा डोंगर, पुढे निळे पाणी. कोणालाही वाटावे, इथेच बसून राहावे. पण त्या पाण्याखाली वरच्या खोऱ्यातल्या गावांची शेते गेली, घरे गेली. खालच्या बागाइताला पाणी मिळाले ते त्यांनी दिलेल्या जमिनीतून मिळाले. देखावा पाहताना ही गोष्ट मुलांना सांगितली तर त्यांचा आनंद कमी होत नाही. उलट, पाण्याची किंमत त्यांना कळते.

दुपार उलटताना आम्ही लिंबला पोचलो. लिंबजवळची बारा मोटांची विहीर शाहू महाराजांच्या काळातली. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. आकार अष्टकोनी, खोली सुमारे एकशे दहा फूट, व्यास सुमारे पन्नास फूट. जिना उतरून गेल्यावर विहिरीच्या पोटातच एक छोटासा महाल लागतो. बाहेर वैशाखवणवा असला तरी आत गारवा.

थोरल्याने विचारले, "मोट म्हणजे काय?" आम्ही त्याला धावेवर उभे केले आणि समजावून दिले. चामड्याची मोट नाड्याने विहिरीत सोडायची. बैल धावेवरून खाली उतरू लागले की भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात रिती होते. तेथून पाणी पाटाने मळ्यात जाते. बैल मागे सरकत वर आले की मोट पुन्हा पाण्यात. असे दिवसभर. मुलाने हिशेब केला : एका मोटेला निदान दोन बैल धरले तरी बारा मोटांना चोवीस बैल, आणि तितकेच हात. ऑइल इंजिने आली, मग विजेचे पंप आले, आणि हे सारे थांबले. बैलांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण एक फरक झाला. मोटेने पाणी उपसणाऱ्याला विहिरीत पाणी किती उरले ते नाड्याच्या लांबीवरून रोज कळे. बटण दाबणाऱ्याला ते पाणी संपल्यावर कळते. जुन्या विहिरीकाठी मुलाला शिकवण्यासारखा धडा कोणता, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही हाच सांगू.

आता प्रश्न असा की, पाहायला येणाऱ्याने काय करावे? त्याने घरीच बसावे असे आमचे म्हणणे नाही. त्याच्यापाशी म्हातारीच्या प्रश्नाला देण्यासारखे काही उत्तर असावे, एवढेच म्हणणे आहे. याच परिसरात, पाचगणीजवळ, भिलार नावाचे गाव आहे. स्ट्रॉबेरीसाठी ते आधीपासून प्रसिद्ध होतेच. मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' झाले. गावातल्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तके ठेवली आहेत. कोणीही यावे, ओसरीवर बसावे, वाचावे. तेथे जाणारा माणूस कोणाच्यातरी घरी जातो, घरची माणसे त्याला ओळखतात, तो वाचक म्हणून येतो. सगळ्या गावांनी पुस्तकेच ठेवावी असे नाही. परंतु पाहुण्याने कोणत्या नात्याने यावे हे गावानेच ठरवले तर काय होऊ शकते, याचा हा एक नमुना आहे.

आपल्यापुरते म्हणाल तर चारपाच गोष्टी कोणालाही जमण्यासारख्या आहेत. एका दिवसात दोनतीन गावांहून अधिक घेऊ नयेत. मोटार वेशीबाहेर ठेवून गावात पायी जावे. अरुंद गल्लीत मोटार घातली की आपण काही पाहत नाही आणि गावाचीही वाट अडते. जेवण डब्यात नेले तरी निदान हळद, गूळ, घेवडा, जे त्या मातीतले असेल ते तेथेच विकत घ्यावे आणि घासाघीस करू नये. कोणाचे घर, कोणाचा चेहरा टिपायचा असेल तर आधी विचारावे. आपल्या दिवाणखान्यात कोणी न विचारता कॅमेरा घेऊन शिरले तर आपल्याला काय वाटेल? कचरा आपला आपण परत आणावा, हे तर सांगायलाच नको. आणि मुलांना तीन प्रश्न शिकवून ठेवावे : इथे पाणी कुठून येते, हे कोणी बांधले, आणि आता हे कोण सांभाळते? पहिल्या दोहोंची उत्तरे पाटीवर किंवा पुस्तकात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मिळवायला मात्र गावातल्या माणसाशी बोलावेच लागते, आणि तेवढ्याने अर्धे काम होते.

शेवटी एकच विनंती. आपल्यापैकी पुष्कळांचे स्वतःचे एक गाव कोठेतरी आहे. आडनावात असेल, सातबाऱ्यावर असेल, कुलदैवताच्या नावात असेल. तेथेही एखादे घर कुलपात असेल आणि शेजारची माणसे त्या कुलपाकडे पाहून आपली आठवण काढत असतील. दुसऱ्यांची देखणी गावे अवश्य पाहा. परंतु वर्षाकाठी एक रविवार त्या गावासाठी राखा. जत्रेचा दिवस असेल तर फारच उत्तम. मुले बरोबर न्या. तेथे कोणी "कुणाकडं आलायसा?" असे विचारले तर उत्तर मुलांना देऊ द्या. ते देता येईल इतकी ओळख त्यांच्यासाठी टिकवून ठेवणे, हे आपल्या पिढीच्या हातात आहे. पुढच्या पिढीच्या हातात ते राहील याची खात्री नाही.